मॅगझिन आणि कानस

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस 'यंत्र आणि कारागीर' हा विषय दिला, तेव्हा आम्ही कापडगिरणीवर बोलणार असे बहुतेकांनी गृहीत धरले असावे. गिरणीविषयी या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे. आज आम्ही रायफलीविषयी बोलणार आहोत. आणि तिच्यातही तिच्या पोटाखाली लटकणाऱ्या एका पत्र्याच्या पेटीविषयी, जिला मॅगझिन म्हणतात. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर.

विषय सुचला तो असा. १९९८ साली एका इंजिनिअरिंग कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालू होती. मालकपक्षाच्या अधिकाऱ्यांनी दोन सुटे भाग टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "हे भाग आता मापात तयार होऊन येतात. कोणीही उचलावा आणि जोडावा. मग फिटरची वरची श्रेणी कशासाठी?" आमच्याजवळ त्या क्षणी उत्तर नव्हते. संध्याकाळी युनियनच्या कचेरीत आमचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांची उमेद लष्करी वर्कशॉपात आर्मररचे काम करण्यात गेली होती, ते एवढेच म्हणाले : "साहेबांना म्हणावं, एका थ्री-नॉट-थ्रीचं मॅगझिन काढून दुसरीला बसवून दाखवा." या एका वाक्याने आम्हांला पुढची कित्येक वर्षे वाचावयास लावले.

'कोणीही उचलावा आणि जोडावा' हे स्वप्न जन्मले ते बंदुकीच्याच कारखान्यात. १८५४ साली ब्रिटिश सरकारची एक समिती अमेरिकेतील यंत्रे पाहण्यास गेली. त्या काळी इंग्लंडात बंदुका बनत त्या बर्मिंगहॅम आणि लंडनच्या लहान लहान कारखान्यांतून. नळी एकाची, चाप दुसऱ्याचा, लाकूड तिसऱ्याचे, आणि शेवटी सगळे कानशीने घासून एकमेकांशी जुळवणारा चौथाच. माल वेळेवर मिळत नसे आणि कारागीर मजुरीसाठी काम थांबवीत, याचा सरकारला वीट आला होता. समितीने स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत एक परीक्षा घेतली. १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतल्या दर वर्षाची एक, अशा दहा बंदुका खोलून त्यांचे भाग एकत्र मिसळले, आणि एका कामगाराने केवळ पेचकसाच्या साह्याने त्या पुन्हा जोडल्या. समिती थक्क झाली. अमेरिकन यंत्रे विकत घेऊन एनफील्ड येथे नवा कारखाना उभा राहिला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या दहा बंदुका एकेक गोळी भरून उडवावयाच्या होत्या. त्यांत मॅगझिन नव्हते.

मॅगझिनची पेटी ज्याच्या नावाने ओळखली जाते तो जेम्स पॅरिस ली १८३१ साली स्कॉटलंडमधील हॉइक गावी जन्मला, कॅनडात वाढला, आणि बापाच्या दुकानात घड्याळे दुरुस्त करावयास शिकला. पुढे अमेरिकेत त्याने बंदुकीचा धंदा आरंभिला. १८७९ साली त्याने जे पेटंट घेतले, त्यात बोल्टच्या खाली पत्र्याची एक सुटी पेटी होती. पेटीत काडतुसे एकावर एक रचलेली, आणि खालून त्यांना वर ढकलणारी स्प्रिंग. तोवरच्या बहुतेक मॅगझिनवाल्या रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक ठेवीत. लीची कल्पना अशी होती की शिपायाने भरलेल्या चार-दोन पेट्या कमरेला बाळगाव्यात. एक संपली की काढावी, दुसरी लावावी. म्हणजे बदलीची पेटी हा या शोधाचा प्राणच होता.

इंग्रजांनी १८८८ साली लीचा बोल्ट व पेटी आणि मेटफर्डची नळी घेऊन ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. प्रथम पेटीत आठ काडतुसे मावत, पुढे दहा. पण लीच्या कल्पनेचे त्यांनी काय केले? पेटी रायफलीला साखळीच्या कडीने बांधून टाकली! वर 'कट-ऑफ' नावाची एक पट्टी बसवली. ती आत सारली की पेटीतले काडतूस वर येऊच शकत नसे. शिपायाने एरवी एकेक काडतूस हातानेच भरावे, पेटी फक्त अडीअडचणीला उघडावी, असा हुकूम. शिपाई दारूगोळा उधळील ही भीती होतीच. कामगाराच्या हाती चांगले हत्यार द्यावयाचे आणि मग त्यालाच कुलूप लावावयाचे, ही रीत आम्हांला नवी नाही.

तथापि साखळीमागे आणखी एक कारण होते, असे आमचे आर्मरर सांगत. आणि आमच्या अभिप्रायाने तेच खरे मर्म आहे. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. पेटीत वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढे असावी लागते. ती मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट मध्येच थबकतो. पेटीच्या तोंडाशी पत्रा आत वळवलेला असतो, त्याला कारागीर 'ओठ' म्हणतात. हे ओठ काडतूस घट्ट धरतात आणि नेमक्या क्षणी सोडतात. ते केसभर मिटले तर काडतूस सुटत नाही, केसभर उघडले तर उसळून बाहेर येते. शिवाय पेटी कोणत्या उंचीवर बसावयाची, हे त्या रायफलीच्या खाचेवर आणि खटक्यावर अवलंबून. म्हणून एका रायफलीला जुळवलेली पेटी दुसरीत चालेलच असे नसे, आणि कित्येक ठिकाणी पेटीवर रायफलीचाच क्रमांक ठोकीत. ज्या एनफील्डने जगाला 'कोणताही भाग कोणालाही' म्हणून दाखवले, तिच्याच रायफलीत बदलीसाठी निघालेला भाग मात्र फिटरने बसवल्यावाचून चालेना!

१९०३-०४ मध्ये आखूड ली-एनफील्ड आली. तिच्यात पाच-पाच काडतुसांच्या पट्ट्या, म्हणजे चार्जर, वरून दाबून पेटी भरता येई. पेटी काढण्याचे कारणच उरले नाही. ती साफसफाईपुरतीच निघे. पुढे टोकदार गोळीचे काडतूस आले, तेव्हा नेमाच्या दर्शकाबरोबर पेटीलाही पुन्हा हात लावावा लागला. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी मार्सेय बंदरात उतरल्या, तेव्हा या नव्या काडतुसासाठी त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या गेल्या. अनोळखी हत्यार घेऊन आमची माणसे काही आठवड्यांतच खंदकात होती.

त्या खंदकांनी लीची मूळ कल्पना निराळ्या वाटेने परत आणली. जर्मनांच्या मौझर रायफलीची पेटी आतल्या आत, पाच काडतुसांची. तिचे बूड काढून तेथे वीस काडतुसांची लांब पेटी जोडण्याचा प्रयोग त्यांनी केला. चिखल बाहेर राहावा हाही एक हेतू. इंग्रजांनीही वीस काडतुसांची पेटी करून पाहिली. कोणत्याच बाजूला हे प्रकरण सर्रास रुजले नाही. पेटी लांब झाली की स्प्रिंगवरचा भार वाढतो, रायफल जमिनीसरसी धरता येत नाही, आणि घोळ होण्याच्या जागा वाढतात.

दुसऱ्या महायुद्धातले एक उदाहरण तर मोठे मौजेचे आहे. डी लाइल नावाच्या इंग्रजाने ली-एनफील्डच्या सांगाड्यात पिस्तुलाचे .४५ मापाचे काडतूस चालवावयाचे ठरवले, आवाज जवळजवळ होऊ नये म्हणून. पेटी घेतली ती अमेरिकन कोल्ट पिस्तुलाची. एका हत्याराची पेटी दुसऱ्या जातीच्या हत्यारात! पिस्तुलाची पेटी अरुंद आणि खाच रुंद. तेव्हा मध्ये वेगळा भाग घालून ती बसवावी लागली. अशा रायफली सुमारे १३० च झाल्या. इतिहासात नाव राहिले डी लाइलचे. ज्यांनी त्या पेट्या बसवल्या, त्यांची हजेरीपुस्तके कोणी जपली असतील असे वाटत नाही.

आपल्या देशात हे काम बंगालमधील ईशापूरला झाले. तेथील रायफल कारखाना १९०४ चा. इकडे खडकीचा दारूगोळा कारखाना त्याहून जुना, १८६९ चा. थ्री-नॉट-थ्रीची काडतुसे तेथे बनत, आणि आमच्या पुण्याच्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ईशापूरने तीच जुनी रायफल ७.६२ मापाच्या काडतुसासाठी नव्याने घडवली. या काडतुसाला बाहेर आलेली कडा नाही. म्हणजे कडा अडकण्याचे भय गेले. पण जुनी पेटी निरुपयोगी झाली, नवी आखावी लागली, आणि ओठांचे गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागले. थ्री-नॉट-थ्री मात्र पोलिसांच्या खांद्यावर राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुकांपुढे काही पोलिसांच्या हाती तीच होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी.

आता त्या करारासंबंधी. आर्मररांचे म्हणणे आम्ही बोलण्यांत मांडले, तेव्हा अधिकारी हसले. पण त्यांच्याच गोदामात 'मापात आलेले' आणि तरी न बसणारे भाग किती परत येतात, याची यादी आमच्या मुलांनी दोन महिने रोज लिहून काढली होती. ती पुढे ठेवल्यावर हसणे थांबले. कामाच्या वर्णनात 'जोडणी' एवढाच शब्द होता. आम्ही 'जोडणी व बसवणी' असा आग्रह धरला. त्या एका शब्दावर बोलणी चार महिने अडली. अखेर तो शब्द करारात आला, पण बावीसांपैकी चौदाच जणांना त्याचा लाभ मिळाला. उरलेल्या आठांचे भाग खरोखरच नुसते जोडावयाचे होते, हे आम्हांलाही मान्य करावे लागले.