पोट भरले, पण भीती गेली का? केडगावचा जुना धडा

पुण्याहून रेल्वेने दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते. तिथले मुक्ती मिशन आणि पंडिता रमाबाई ही नावे तुम्ही ऐकली असतील. रमाबाईंना आपण समाजसुधारक आणि संस्कृत विदुषी म्हणून ओळखतो. आज त्यांच्या कामाकडे एका वेगळ्या प्रश्नाच्या अंगाने पाहू: मोठ्या संकटातून वाचलेले मूल पुन्हा उभे कसे राहते?

रमाबाईंनी हे दुःख स्वतः भोगले होते. १८७४ च्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे भाऊ आणि पतीही अकाली गेले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या. निराधार मुलींना फसवून नेणारे लोक तिथे टपून बसले होते. रमाबाईंनी सुमारे ३०० मुली आणि स्त्रियांना आपल्याबरोबर आणले. पण पुण्यात प्लेग सुरू होता आणि शहरात इतक्या जणींना ठेवता येईना. म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय करण्यात आली. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथली संख्या दीड हजारांवर गेली. त्याच काळात शिरूरला अमेरिकन मराठी मिशननेही दुष्काळातील अनाथ मुलांना आसरा दिला.

अन्न, स्वच्छता आणि औषध ही पहिली गरज होती. तरीही उपासमारीने खंगलेल्या काही जणी वाचल्या नाहीत. पण केडगावचे काम जेवणाच्या पंगतीपाशी थांबले नाही. शारदा सदनात आधी शिकलेल्या स्त्रिया या नव्या मुलींच्या शिक्षिका आणि सांभाळणाऱ्या झाल्या. दिवसाला शाळा, शेती, विणकाम अशी घडी बसली. रमाबाईंच्या कन्या मनोरमा यांनी अंध मुलींना ब्रेल शिकवले.

याचा आरोग्याशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. मोठा धक्का बसलेल्या मुलाचे शरीर ‘धोका अजून टळलेला नाही’ असेच मानत राहते. ताणाची संप्रेरके वारंवार वाढतात, झोप उडते, लक्ष लागत नाही. अशा वेळी रोजचा ठरलेला क्रम आणि तेच ओळखीचे माणूस, या दोन गोष्टी शरीराला सांगतात की आता तू सुरक्षित आहेस.

विज्ञानाने हे पुढे नोंदवले. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये अॅना फ्रॉइड यांनी घरापासून तुटलेल्या मुलांसाठी पाळणाघरे चालवली. तिथे मुलांचे छोटे ‘कुटुंब-गट’ करून प्रत्येक गटाला एक ठरावीक सांभाळणारी दिली, तेव्हा मुलांची प्रगती झपाट्याने झाली. आपल्याकडे टाटा समाजकार्य संस्थेने १९३७ मध्ये मुंबईत बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केले. १९९८ मध्ये अमेरिकेत ९,५०० हून अधिक प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणी जितके अधिक आघात, तितका पुढे नैराश्य, व्यसने आणि हृदयविकार यांचा धोका अधिक, असे त्यात दिसले. म्हणजे फिजिशियनकडे चाळिशीत येणाऱ्या आजाराचे एक मूळ आठव्या वर्षी रुजलेले असू शकते.

केडगावच्या कामाला मर्यादाही होत्या. दीड हजार मुलींना प्रत्येकी एक आई मिळणे शक्य नव्हते. धर्मांतरावरून रमाबाईंवर त्या काळी कडक टीका झाली, आणि मुलाची मूळ ओळख जपण्याचा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा मुलाने शक्यतो कुटुंबातच वाढावे असे सांगतो. संस्था हा शेवटचा पर्याय आहे. महाराष्ट्रात नातेवाइकांना किंवा पालक-कुटुंबाला आधार देणारी बालसंगोपन योजना आहे. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करता येते.

तुमच्या घरात किंवा शेजारी आई-वडील गमावलेले मूल असेल, तर ते रडत नाही म्हणून ‘सावरले’ असे समजू नका. वारंवार पोट दुखणे, पुन्हा अंथरूण ओले करणे, दचकून उठणे, शाळा टाळणे, एकदम गप्प होणे, ही दुःखाचीच भाषा असू शकते. शारीरिक कारण तपासून घ्याच. पण तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून ‘नाटक करतो’ असे म्हणू नका.

आज या घरी, उद्या त्या घरी अशी मुलाची पाठवणी टाळा. जेवणाची, झोपेची, शाळेची वेळ ठरवा. गेलेल्या माणसाविषयी त्याने विचारले, तर वयाला समजेल असे खरे उत्तर द्या. ‘बाबा गावाला गेलेत’ हे उत्तर मुलाला रोज वाट पाहायला लावते. त्रास महिनाभर टिकला किंवा मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. दुसऱ्या बाबतीत एक दिवसही थांबू नका. मुलाला मारहाण होत असेल किंवा ते निराधार असेल, तर १०९८ वर फोन करा.