मूकपटाची साथ

चर्चमधले दिवे मालवलेले, वेदीसमोर पांढरा पडदा. १९२३च्या 'सेफ्टी लास्ट'मधला हॅरॉल्ड लॉइड घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो आहे आणि ऑर्गनवादक त्याच्या प्रत्येक झोक्याला सूर देतो आहे. अमेरिका-इंग्लंडातल्या चर्चांत अशा मैफली आजही रंगतात. आपण सहज म्हणू, 'मूकपटाला ऑर्गनची साथ'. या तीन शब्दांपाशी मात्र मी बराच वेळ अडकून पडलो.

ऑर्गन हा मूळचा ग्रीक 'ऑर्गानोन'. त्याचा अर्थ नुसता हत्यार, अवजार. 'एर्गोन' म्हणजे काम, त्याचाच हा भाऊबंद; फारसी 'वर्जिश'ही याच कुळातली दिसते. अवजाराचे वाद्य कसे झाले, याचा नमुना शेजारीच आहे. फारसी 'साज' म्हणजे सरंजाम आणि वाद्यही. आपण मात्र तो घोड्यावर चढवला, कोल्हापुरात गळ्यात घातला. ग्रीक शब्द फारसीत 'अर्गनून' होऊन आला. सोळाव्या शतकात हाजी हबीबुल्ला गोव्याची वारी करून अकबराच्या दरबारी परतला, त्याने आणलेल्या वाद्याला त्या काळचा इतिहासकार बदाऊनी हेच नाव देतो. माणसाएवढी पेटी, आत बसलेला फिरंगी आणि मोराचे पंख, असे त्याचे वर्णन आहे. ते पंख म्हणजे भात्यांच्या घड्या असाव्यात का? 'भाता' हा संस्कृत 'भस्त्रा'. बाणांचा भाताही तोच, कारण दोन्ही मुळात कातड्याच्या पिशव्या.

'मूक' आणि लॅटिन 'मूतुस' हे दोन्ही मिटल्या ओठांच्या 'मू'तून निघाले असावेत. त्याच्यासमोर 'वाद्य' ठेवून पाहा. 'वद्' म्हणजे बोलणे. वाद्य म्हणजे ज्याला बोलते करायचे ते. 'वाजणे' हे 'वाद्यते'चे प्राकृतातून आलेले रूप, म्हणजे मुळात 'बोलते केले जाणे'. ऑर्गन बांधणारे कारागीरही नळी 'बोलते' असेच म्हणतात. दोन्हीकडच्या कानांना तेच ऐकू आले, याचा मला फार आनंद वाटतो.

राहिली साथ. ती 'सार्थ'पासून आली. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. प्राकृतात 'सत्थ', पुढे 'साथ'. रोगाची साथही याच तांड्यातली असावी. रोग माणसांच्या सोबतीनेच गावोगाव गेले. आपल्याकडे पेटी-तबल्याने मूकपटांना जी सोबत केली, तीही साथच. १९३१च्या 'आलम आरा'नंतर पडदाच गाऊ लागला आणि पडद्यापुढचा पेटीवाला उठला.

या साथीत एक अवघड जागा आहे. मोठ्या चर्चमध्ये नळ्या वादकापासून लांब असतात, सूर घुमटात घुमून श्रोत्यांपर्यंत जरा उशिरा पोचतो. लॉइडचा पाय निसटला की मग पट्टी दाबू, असे म्हणून चालत नाही. हशा निघून गेलेला असतो. वादकाला चित्रपट पाठ असावा लागतो आणि पाय निसटण्याच्या किंचित आधीच बोट पडावे लागते. तांड्याच्या पुढे चालून वाट दाखवणाऱ्याला संस्कृतात 'सार्थवाह' म्हणत. या वादकाला साथीदारापेक्षा तोच शब्द अधिक शोभतो, असे माझे मत आहे.