कवळीपासून स्क्रूपर्यंत

आमच्या कोरेगावात कवळी हा थट्टेचा विषय. रात्री वाटीत, सकाळी तोंडात. पण दात गेला की जबड्याचे हाड झिजते आणि कवळी सैल पडते, ही अडचण थट्टेची नव्हे. तोडगा सापडला तो हाडातला रक्तप्रवाह पाहणाऱ्या स्वीडिश संशोधकाला. १९५२च्या सुमारास पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची डबी निघेचना. हाड तिला धरून बसले होते. १९६५मध्ये त्यांनी योस्टा लार्सन यांच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ते २००६मध्ये वारले, तोवर टिकले. मला नवल वाटते ते मधल्या तेरा वर्षांच्या सबुरीचे. आमच्याकडे मिश्री लावणाऱ्या कित्येकींच्या हिरड्या तंबाखूने सुटतात, पडलेल्या दाताची जागा वर्षानुवर्षे तशीच राहते. मग स्क्रू धरायला पुरेसे हाडच उरत नाही.