वकीलसाहेबांची रजा कोण मांडणार?

मागच्या महिन्यात एका वकिली फर्मसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर करायचं काम आमच्या टीमकडे आलं. बोटाचा ठसा, उशीर झाला की लाल खूण, तीन लाल खुणांना अर्धी रजा... नेहमीचंच. त्यात एक अट होती: पार्टनर मंडळींची हजेरी घ्यायची नाही. कोडच्या दृष्टीने एक साधा 'इफ'. पण मला आमचे आजोबा आठवले.

आमचं गाव कौंडण्यपूर. तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठावर, रुक्मिणीचं माहेर. आजोबा अमरावतीला एका वकिलांकडे कारकून होते. एका वर्षी आषाढीला ते रुक्मिणीच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला गेले. महिन्याच्या वर दिवस लागतात. परत आले तर तेवढ्या दिवसांचा पगार कापलेला. ते म्हणायचे, "वकील नाही आला तं पुढची तारीख भेटते, कारकून नाही आला तं पगार कटते."

तर मंडळी, अमरावतीच्या वकिलांमधली सगळ्यात गाजलेली गैरहजेरी म्हणजे दादासाहेब खापर्डे यांची. त्यांनी 1890 मध्ये सरकारी नोकरी सोडून अमरावतीत वकिली सुरू केली आणि ती अशी चालली की लोक त्यांना 'वऱ्हाडचे नवाब' म्हणू लागले. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. प्रिव्ही कौन्सिलमध्ये अपील करायला खापर्डे ऑगस्टमध्ये बोटीत बसले ते 1910 मध्येच परतले. चालती वकिली सोडून दोन वर्षं! मित्रासाठी एवढं कोण करतं? त्यांच्याबद्दलचा माझा आदर इथे वाढतोच.

मग शिर्डी. डिसेंबर 1910 मध्ये आठवडाभर, आणि पुढच्या वर्षी 6 डिसेंबर 1911 ते 15 मार्च 1912. साईबाबा निघायची परवानगी देईनात म्हणून मुक्काम लांबला. मी सवयीने दिवस मोजले: 26, 31, 29, 15. एकूण 101. (1912 लीप वर्ष होतं. माझ्या प्रोग्रॅमने आधी 100 सांगितले, म्हणजे बग माझा :-) ) टिळकांचा माणूस म्हणून सरकारची नजर त्यांच्यावर होतीच, पण या 101 दिवसांचा हिशेब आपल्याला मिळतो तो त्यांच्या स्वतःच्या डायरीतून. पहाटे उठणं, आरती, कोण भेटलं, काय बोलणं झालं. गैरहजर माणसाने स्वतःच ठेवलेलं मस्टर!

कारकुनाचं मस्टर मात्र दुसऱ्याच्या हातात. बरं, त्याला दाद मागायला जागा तरी होती का? 1962 मध्ये मुंबईच्या एका सॉलिसिटर फर्मच्या नोकरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायालय म्हणालं, सॉलिसिटरची सेवा त्याच्या स्वतःच्या बुद्धीवर आणि ज्ञानावर चालते, त्यात कारकून-टायपिस्ट यांचा थेट वाटा नाही, म्हणून हा 'उद्योग' नव्हे. म्हणजे औद्योगिक विवाद कायद्याचं दार बंद. मला हे वाचून गंमतच वाटली. थेट वाटा नाही, तर मग न आल्याने एवढं काय अडतं की पगार कापावा?

1978 मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने हे उलटवलं. न्या. कृष्ण अय्यर यांनी सॉलिसिटर फर्मसुद्धा उद्योगाच्या व्याख्येत आणली. मी खूश होऊन पुढे वाचत गेलो, तर तिथेच अपवाद: एखादा मदतनीस ठेवून काम करणारा एकटा वकील किंवा खेड्यातला डॉक्टर हा उद्योग नव्हे. आता आमच्या आजोबांच्या वकीलसाहेबांकडे माणसं किती? एक आजोबा आणि एक पाणी भरणारा पोरगा. म्हणजे 62 मध्येही बाहेर, 78 मध्येही बाहेर.

असो. पार्टनर मंडळींसाठी मी हजेरी नाही, पण 'आज ऑफिसात नाहीत' असा एक रकाना ठेवून पाहिला. पक्षकाराला खेटा पडू नये एवढाच हेतू. डेमोमध्ये तो सगळ्यांना दिसला, मीटिंग जरा शांत झाली, आणि संध्याकाळी तो काढून टाकायचा मेल आला. काढला. 29 फेब्रुवारीचा बग अजून बाकी आहे, तो सोमवारी बघतो. साडेनऊच्या आत कार्ड स्वाइप केलं तर.