गाविलगडाला जाण्यापूर्वी

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या कन्हानमध्ये घरोघर एकच प्रश्न निघतो: यंदा कुठे जायचं? कोणी रामटेक म्हणतो, कोणी पचमढी म्हणतो. मागे एकदा आमच्या आळीतल्या एका शाळकरी मुलाने निराळाच प्रश्न काढला. त्याने पुस्तकात फुजियामाचे चित्र पाहिले होते. म्हणाला, "काका, ज्वालामुखीचा डोंगर पाहायचा तर किती लांब जावं लागेल हो?" मी म्हणालो, "बाळा, सकाळी निघालास तर दिवेलागणीच्या आत पोचशील!" त्याला ती थट्टा वाटली. वाचकहो, कदाचित तुम्हांलाही वाटेल. पण ती थट्टा नव्हे. मेळघाटातील गुगामळ राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या शेजारचा गाविलगड हा सारा डोंगर ज्वालामुखीच्या रसाचाच आहे, आणि कन्हानपासून तो अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे.

तुम्ही म्हणाल, मग धूर कुठे आहे? शंकूसारखे शिखर कुठे आहे? ते तिथे मिळायचे नाही. धूर काढणारा ज्वालामुखी आपल्या देशात पाहायचा तर अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटापर्यंत जावे लागेल. आपल्या दख्खनचा प्रकार वेगळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला रस उतू गेलेल्या दुधासारखा पसरत गेला. एक थर निवावा, त्यावर काळ जावा, मग दुसरा थर यावा, असे कितीतरी वेळा झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्या थरांखाली आहे. सह्याद्रीकडे त्यांची जाडी फार मोठी आहे. पूर्वेकडे येता येता ती कमी होते, आणि नागपूरजवळ हा काळ्या दगडाचा पसारा संपतो. आपले कन्हान त्या पसाऱ्याच्या जरा बाहेर, उंबरठ्यावर बसले आहे. आपल्या पायाखाली वालुकाश्म आहे, त्याच्याही खाली कोळसा आहे. हा वालुकाश्म लाव्ह्याहून कितीतरी जुना. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला आपल्या शेजारच्या गावाच्या नावाने 'कामठी' थर म्हणतात, आणि दूर गोदावरीच्या खोऱ्यातही तेच नाव चालवतात. कन्हानच्या रेतीत जे काळे गोटे सापडतात, ते मात्र नदीने वरच्या अंगाहून, छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून वाहून आणलेले.

म्हणून माझे सांगणे असे की, या सहलीचा बेत गाडीच्या वेळापत्रकापासून आखू नका. आधी ही वाट समजून घ्या. डोंगर कसा झाला, तो कोणी कोणाकडून घेतला आणि त्यात कोण राहत आले, एवढे ठाऊक नसेल तर मेळघाटात तुम्हांला झाडे दिसतील, दैवाने एखादा वाघही दिसेल. पण मेळघाट दिसायचा नाही.

पहिला मुक्काम दूर नाही. नागपूरची सीताबर्डीची टेकडी आपण शंभरदा पाहिली असेल. ती याच लाव्ह्याची आहे. वरचा किल्ला लष्कराकडे असून सामान्य लोकांसाठी तो वर्षातून काही ठराविक दिवशीच उघडतो; पण टेकडी पाहायला किल्ल्याची परवानगी लागत नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे तेच हे हिस्लॉप. शाळा चालवता चालवता त्यांना दगडांचे वेड लागले. टाकळीजवळ लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या मातीत त्यांना गोड्या पाण्यातल्या शंखशिंपल्यांचे आणि झाडापाल्याचे दगड झालेले अवशेष सापडले. याचा अर्थ काय? आगीच्या एका लोटानंतर इथे तळी साचली, त्यांत जीव वाढले, आणि मग पुढच्या लोटाने ते सारे झाकून टाकले. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय नियतकालिकात नागपूरच्या खडकांवर निबंध लिहिला, आणि आपल्या गावाभोवतालचे दगडधोंडे विद्वानांच्या चर्चेत गेले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडील जुनी शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते वाहून गेले. त्यांनी गोळा केलेले शंख मात्र पुढच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडत राहिले.

याच टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि नागपूरच्या राज्याचे स्वातंत्र्य गेले. पण त्या पराभवाची सुरुवात चौदा वर्षे आधी गाविलगडावर झाली होती. आपल्याला तिकडेच जायचे आहे.

नागपूर सोडून पश्चिमेला निघालात की वर्धा नदी ओलांडावी लागते. तिच्यापलीकडे वऱ्हाड. दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. ही माती म्हणजे त्याच लाव्ह्याची झीज. ओल धरून ठेवते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते, आणि कापूस पिकवते. या मातीसाठीच वऱ्हाडावर साऱ्यांचा डोळा राहिला. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार स्वतःकडे घेतला. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. त्याच्या थोडे आधी, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तेव्हा शेतातून जाताना आपण गार झालेल्या आगीवरूनच चाललो आहोत, एवढे मुलांना सांगायला विसरू नका.

अमरावती गेली, परतवाडा आला, की उत्तरेला आडवी भिंत उभी राहते. तोच गाविलगडचा डोंगर. इथे जमीन एका मोठ्या भेगेवर तुटली आहे. उत्तरेचा भाग वर राहिला, दक्षिणेचा पूर्णेच्या खोऱ्यात खाली बसून गाळाखाली गेला. घाट चढताना रस्त्याकडेचा कापलेला दगड नीट पाहा. पायऱ्यांसारखे थर दिसतील. मधूनमधून गेरूसारखी तांबडी पट्टी दिसेल. ती म्हणजे दोन लोटांच्या मधल्या काळात झालेली माती. दगडातली बारीक भोके म्हणजे रसातून निसटलेल्या वाफेच्या खुणा.

आता किल्ल्याचे. वर सपाट पठार आणि खाली तुटलेले कडे, अशी जागा लाव्ह्याच्या थरांमुळे आयतीच मिळते. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास इथे किल्ला बांधला. पुढे फतहुल्ला इमादउल्मुल्क याने तो दुरुस्त केला आणि १४९० मध्ये वऱ्हाडची इमादशाही उभी केली. दिल्ली दरवाजावर दोन डोक्यांच्या गंडभेरुंड पक्ष्याचे शिल्प आहे, ते चुकवू नका.

१८०३ साली हा किल्ला नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांकडे होता. २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानावर वेलस्लीने भोसले आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. तिथून निघालेले पुष्कळ लोक गाविलगडाच्या आश्रयाला आले. किल्लेदार होता बेनीसिंग. दक्षिणेचा कडा इतका उभा की त्या बाजूने चढणे कठीण. पण उत्तरेकडे किल्ला पठाराला एका अरुंद सोंडेने जोडलेला आहे. निसर्गाने एवढी एकच बाजू मोकळी ठेवली होती, आणि इंग्रजांनी तीच हेरली. कर्नल स्टीव्हन्सनची फौज अचलपूरकडून डोंगरात शिरली. वाट नव्हती, ती करावी लागली. जड तोफा माणसांनी ओढून डोंगर चढवल्या, त्याला पाच दिवस लागले. १२ डिसेंबरला फौज किल्ल्याच्या उत्तरेला पोचली. तोफांनी तटाला भगदाड पाडले आणि १५ डिसेंबरला हल्ला झाला. आतला तट काही इंग्रज शिपाई शिड्या लावून चढले आणि त्यांनी दरवाजा उघडला. बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. कटक इंग्रजांकडे गेले आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोसल्यांकडे राहिले खरे, पण १८१७ नंतर तेही गेले. वेलस्लीबरोबर त्या मोहिमेत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नावाचा एक तरुण होता. पुढच्याच वर्षी तो नागपुरास इंग्रजांचा वकील म्हणून येऊन बसला. तेव्हा गाविलगडाचे भगदाड नागपूरच्या दरबारापर्यंत पोचले ते असे.

लढाईनंतर वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, हैदराबादच्या पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन या डोंगरावर फिरला आणि साहेबलोकांना चिखलदऱ्याच्या थंड हवेचा शोध लागला. 'शोध' हा त्यांचा शब्द! आपल्या लोकांत भीमाने कीचकाला मारून या दरीत टाकल्याची कथा फार पूर्वीपासून होती, आणि कीचकदऱ्यावरूनच चिखलदरा झाला असे सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने मेळघाटचे सागवान राखीव केले. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. १९७४ साली तो जाहीर झाला. त्याच्या गाभ्यातले गुगामळ राष्ट्रीय उद्यान सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे आहे.

इथपर्यंत राजे आले, साहेब आले, वाघ आले. आता ज्यांचे नाव अजून आले नाही त्यांच्याकडे वळू. मेळघाट कोरकूंचा आहे. त्यांच्या भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे, बस्स! ही भाषा मराठीची बहीण नव्हे की गोंडीचीही नव्हे. तिचे नातलग हजार किलोमीटर दूर, झारखंडातील मुंडारी आणि संथाळी. अशा लोकांना किल्ल्यांच्या इतिहासात ओळभरही जागा मिळत नाही. जंगल राखीव झाले तेव्हा त्यांची फिरती शेती बंद पडली आणि ते लाकूडतोडीचे मजूर झाले. १९९० च्या दशकात याच डोंगरातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्राची मान खाली गेली. २००१ नंतर कोहा, कुंड, बोरी ही गावे वाघांसाठी जंगलातून उठून सपाटीवर आली, मागून आणखी गावे आली. सोडलेल्या शेतांत गवत वाढले, हरणे आली, हे खरे. खाली आलेल्यांतल्या कित्येकांना देवाचे झाड आणि नदी सुटल्याची हळहळ आहे, हेही खरे. यातले एकच पाहून परत येऊ नये.

दुसरी वाट नाहीच असे मात्र समजू नका. न्यूझीलंडमध्ये टोंगारिरो नावाचे धगधगते डोंगर आहेत. १८८७ साली तेथील माओरी सरदाराने ती शिखरे राष्ट्राला दिली, आणि त्या देणगीवर त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. डोंगर कोणाचे, हे तिथे निदान दात्याच्या नावाने लिहिले गेले. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने उशिरा का होईना, पण तो प्रश्न कागदावर आला. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाने त्या कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवले आणि उजाड टेकड्यांवर पुन्हा झाडी उभी केली. जाता येता तेही गाव पाहा.

आता बेत. तीन दिवस हातात ठेवा. नागपूरहून रेल्वेने बडनेरा, तिथून बसने अमरावती, परतवाडा, चिखलदरा. पहिला दिवस प्रवासाचा आणि दगड पाहण्याचा. दुसरा किल्ल्याचा; पाणी आणि जाड तळव्यांचे जोडे घ्या, कारण आत चालणे पुष्कळ आहे, आणि किल्ला व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत असल्याने अंधार पडण्याआधी बाहेर या. तिसरा सेमाडोह, कोलकासकडे, सिपना नदीच्या काठी. पावसाळ्यात धबधबे आणि धुके असते, पण गाभ्यातले जंगल त्या दिवसांत बंद ठेवतात. जनावरे पाहायची तर उन्हाळा बरा, जंगल पाहायचे तर थंडी. राहण्याची आणि सफारीची चौकशी वनखात्याकडे आधीच करा. होळी हा कोरकूंचा मोठा सण आहे. त्या दिवसांत गेलात तर नाच पाहायला मिळेल, पण विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका. आपल्या अंगणात कोणी न विचारता शिरले तर आपल्याला चालेल का?

तुम्ही विचाराल, पेंच इतके जवळ असताना एवढा खटाटोप कशाला? पेंचला अवश्य जा. पण तिथला दगड मुख्यतः याहून पुष्कळ जुना आहे. लाव्ह्याचा डोंगर पाहायचा तर मेळघाटच.

मेळघाटचे पाणी, सिपनेचे असो की पूर्णेचे, शेवटी तापीतून अरबी समुद्राला जाते. आपल्या कन्हानचे पाणी वैनगंगेतून, गोदावरीतून, बंगालच्या उपसागराला. तिकडून परत याल तेव्हा एकदा आपल्या पुलावर थांबा आणि रेतीतला एक काळा गोटा उचलून मुलांच्या हातावर ठेवा. ज्याने मला तो प्रश्न विचारला होता, तो पोरगा गाविलगडाहून आला तेव्हा त्याने तेच केले. गोटा हातात फिरवत म्हणाला, "काका, डोंगर तर इथेच होता. पण तिथली माणसं पाहायला तिथंच जावं लागतं."