अर्धा बैल

आमच्या घरी एके काळी अर्धा बैल होता. वर्गात हे वाक्य उच्चारले की मुले हसतात. "सर, पुढचा अर्धा की मागचा?" असा प्रश्नही हमखास येतो. पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातली साठी उलटलेली माणसे मात्र हसत नाहीत. अर्धा बैल म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नाही.

नांगराला, वखराला, डवऱ्याला जोडी लागते. पण जोडी बाळगण्याची ऐपत प्रत्येकाची नसे. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करी. दोन घरांचे दोन बैल एका जुवाखाली येत आणि दोन्ही शेतांची मशागत पाळीपाळीने होई. कधी एकच बैल दोघे मिळून विकत घेत. आठ आणे याचे, आठ आणे त्याचे. चारा कोणी किती दिवस घालायचा, पोळ्याला बैल कोणाच्या दारी सजायचा, सारे तोंडी ठरे. या व्यवहाराला कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. गावाची नजर हीच नोंदवही.

या व्यवहारातला बैल बहुधा गवळाऊ जातीचा. पांढरा-करडा रंग, लांबट अरुंद तोंड, उंच पण हलका बांधा. वर्धा, नागपूर आणि आपला जुना छिंदवाडा जिल्हा ही या जातीची मायभूमी. ओझे ओढण्यात तिच्याहून बळकट जाती आहेत. गवळाऊची ख्याती आहे ती चालीसाठी. मराठ्यांच्या फौजांना डोंगराळ मुलखातून सामान झपाट्याने हलवावे लागे आणि त्या गरजेतून ही चपळ जात जोपासली गेली, असे पशुपैदाशीच्या ग्रंथांत नमूद आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा अठराव्या शतकात बंगाल-ओरिसापर्यंत गेल्या. घोडेस्वारांची वर्णने आपण इतिहासात वाचतो. त्यांच्यामागून दाणागोटा घेऊन जाणाऱ्या बैलांचे नाव कुठे येत नाही.

लढाया संपल्या, पण चाल उरली. सुगी आटोपली की हिवाळ्यात गावोगावी पट भरू लागत. शंकराचे वाहन नंदी, म्हणून शंकरपट. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट साऱ्या विदर्भात गाजलेला. भंडारा-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडगोळीच आहे; तिकडची रंगभूमी या गर्दीवर वाढली. आपल्याकडे मराठी घरात 'पट' म्हणतात आणि हिंदी वर्तमानपत्रात त्याचीच 'पट प्रतियोगिता' होते. हलकी छकडी, जुवाला दोन बैल, वर एक धुरकरी आणि समोर सरळ धावपट्टी. कुठे दोन जोड्या शेजारीशेजारी सोडतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर धावते. सारा खेळ काही सेकंदांचा. त्यासाठी वर्षभर ढेप, सरकी, दूध आणि पोराबाळांच्या तोंडचे तूप.

आणि इथेही सावडच. एक चपळ बैल एका घरी, त्याला साजेसा दुसरा भलत्याच गावी. दोन मालक एकत्र येत आणि पटापुरती जोडी जुळे. शेतातल्या गरजेने शिकवलेली भागीदारी शौकाच्या मैदानावर आली ती अशी.

1982-83 च्या हिवाळ्यातला एक दिवस मला अजून स्पष्ट आठवतो. मी तेव्हा सातवीत होतो. आमचा आठ आण्यांचा बैल सीमेपलीकडे वरूड तालुक्यातल्या एका गावच्या पटात धावणार होता. दुसरे आठ आणे शेजारच्या काकांचे. जोडीचा दुसरा बैल तिकडच्याच एका ओळखीच्या शेतकऱ्याचा. बैल दमू नये म्हणून आदल्या संध्याकाळीच निघून आम्ही रात्रभर सावकाश चालत गेलो. राज्याची हद्द केव्हा ओलांडली ते मला कळलेही नाही. बैलाला तर नाहीच नाही.

पहिल्या फेरीत आमची जोडी सुंदर पळाली. मी ओरडून ओरडून घसा बसवला. शेवटच्या फेरीपूर्वी काकांनी धुरकऱ्याच्या हातात टोकाला आर लावलेली तुतारी दिली. बाबांनी ते पाहिले. मीही पाहिले. कोणी काही बोलले नाही. जोडी सुटली, धूळ उडाली, आणि आम्ही जिंकलो. एक पितळी गुंड आणि थोडी रोख रक्कम मिळाली.

परतताना ओढ्यावर बैल पाण्याला लावला, तेव्हा त्याच्या पुठ्ठ्यावर रक्ताच्या रेघा दिसल्या. बाबांनी हळद-तेल लावले. काका पैसे मोजून वाटे करत होते. बाबा त्यांना शांतपणे म्हणाले, "बक्षिसात आठ आणे तुमचे, आठ आणे माहे. ह्या घावात कोनाचे किती?" काकांनी उत्तर दिले नाही. खरे तर तो प्रश्न बाबांनी स्वतःलाही विचारला होता. तुतारी दुसऱ्याने दिली होती, पण ती दिली जाताना ते गप्प उभे होते. पुढच्या पोळ्याला बैल काकांच्या दारी सजला आणि नंतर आमचा वाटाही त्यांनीच घेतला. भांडण झाले नाही. सावड मात्र मोडली.

पुढे बाबांचा हाच प्रश्न देशाच्या न्यायासनापुढे गेला. 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीत धावण्याजोगी नाही, असे त्या निकालात म्हटले होते. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, बैलाच्या धावण्याच्या क्षमतेचा तज्ज्ञांकरवी अभ्यास करवला, आणि 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली. 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र व कर्नाटक या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. महाराष्ट्राच्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाची तपासणी आणि 1000 मीटरच्या आतली धाव या अटी आहेत. काठी, चाबूक, आर, विजेचा झटका यांना मनाई आहे.

मध्य प्रदेशाचा असा कायदा त्या निकालात नव्हता. 1956 मध्ये राज्ये नव्याने आखली गेली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाड्यासह आपण इकडे राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. भाषा, सोयरिकी, संत्र्यांचा बाजार, बैलाची जात हे सारे रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखेच. त्या बैलाच्या पाठीचे रक्षण कोणत्या कागदाने व्हायचे, ते मात्र रेघेवर ठरते. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर 1883 पासून घोडे धावतात. तिथेही एका घोड्याचे अनेक मालक असतात, पण त्यांची नावे वहीत नोंदलेली असतात आणि जॉकीच्या चाबकालाही नियम असतो. आपल्या आठ आण्यांना वही नव्हती. म्हणून आपण बक्षिसाचे वाटे करायला शिकलो आणि जबाबदारी मात्र नेहमी दुसऱ्या आठ आण्यांवर ढकलली.

पट बंद व्हावा असे मला वाटत नाही. गवळाऊ जात टिकायची तर तिच्या चालीला किंमत देणारे कोणी उरले पाहिजे. आज शेतात ट्रॅक्टर आहे. नांगराचा बैल गेला की पटाचा बैल एकटाच उरतो. आणि जो वर्षातून काही सेकंदच कामाचा, त्याच्यावर त्या सेकंदांत सारा हव्यास तुटून पडतो. जोडीने वर्षभर राबणाऱ्याला बैलाचा घाव परवडत नसे, कारण सोमवारी त्यालाच वखराला जुंपायचे असे. तो धाक आता उरला नाही. म्हणून कायदा हवा, आणि कायद्याआधी शेजारी उभ्या असलेल्या भागीदाराचे तोंड उघडायला हवे.

तान्ह्या पोळ्याला आमच्या शाळेतली मुले लाकडी बैल सजवून आणतात. या वर्षी दोन भाऊ एकच बैल घेऊन आले होते. दोरी दोघांनीही धरली होती. मी विचारले, "कोणाचा रे हा?" धाकटा म्हणाला, "अर्धा माहा, सर." थोरला लगेच म्हणाला, "पडला तर दोघायचा."