चिखलाला पैसे कोण देणार?

सिंगापूरच्या वायव्य टोकाला, जोहोरच्या सामुद्रधुनीकाठी सुंगेई बुलो आहे. मलय भाषेत सुंगेई म्हणजे नदी आणि बुलो म्हणजे बांबू. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मुलांना तिथे मगर नि घोरपड दाखवायला नेलं असेल. पण ही जागा टिकली कशी, हे फारसं कोणाला माहीत नसतं.

आधी इथे कोळंबीची तळी होती. बांध घातलेले, बांधात दारं. भरतीबरोबर कोळंबीची पिल्लं आत घ्यायची आणि दार लावायचं. कोकणातलं खाजण किंवा गोव्यातली मानस पाहिलेल्याला हे लगेच कळेल. पुढे तळी ओस पडली. १९८६ मध्ये मलायन नेचर सोसायटीच्या पक्षिनिरीक्षकांना तिथे पाहुण्या पक्ष्यांचे थवे दिसले. त्यांच्यातले रिचर्ड हेल हे हाँगकाँग बँकेतले अधिकारी! या मंडळींनी नोंदी केल्या, प्रस्ताव लिहिला आणि सरकारला दिला. पुढे सरकारने ८७ हेक्टर जागा निसर्ग उद्यानासाठी जाहीर केली. ६ डिसेंबर १९९३ रोजी पंतप्रधान गोह चोक तोंग यांच्या हस्ते उद्घाटन झालं.

आमच्या आयटीत प्रोजेक्ट लाइव्ह गेलं की केक कापतात, फोटो निघतात. खरी परीक्षा पुढे एएमसीत असते. इथेही तसंच आहे. सैबेरियाकडून येणारे सोनचिखल्या, तुतवार ओहोटीला बाहेरच्या चिखलात किडे-शिंपले टिपतात. भरतीत तो चिखल बुडतो, मग त्यांना टेकायला जागा हवी. म्हणून जुन्या तळ्यांची दारं वापरून आतलं पाणी उथळ ठेवतात. हे काम एका हंगामात संपत नाही. बांध खचतात, गाळ साचतो, उघड्या जागेवर खारफुटीची रोपं उगवतात. दुर्लक्ष केलं तर पक्ष्यांची जागा हळूहळू मिटून जाते.

१९९७ मध्ये त्याच हाँगकाँग बँकेने सुंगेई बुलो शिक्षण निधी उभारला. काम चांगलंच, पण तो निधी नावाप्रमाणे निसर्गशिक्षणासाठी होता. देणगीदाराला मुलांचे हसरे चेहरे दाखवता येतात. गाळ उपसल्याचा फोटो कोण छापणार? तो खर्च शेवटी सरकारी खात्यालाच उचलावा लागतो. म्हणून मला उद्घाटनापेक्षा २००२ साल मोठं वाटतं. त्या वर्षी १३० हेक्टर जागेला कायद्याने राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. कायदा आला की जबाबदारी आली, आणि दरवर्षी बजेट मागण्याचा हक्कही. २०२० मध्ये तर आजूबाजूच्या जागा जोडून ४०० हेक्टरांहून मोठं जाळं करण्याची घोषणा झाली.

आपल्याकडे ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली. अभिमान वाटलाच पाहिजे. पण टाळ्या वाजवून झाल्यावर एक प्रश्न विचारावा: पाच वर्षांनंतरच्या देखभालीची तरतूद कुठल्या खात्यात आहे?

दिवाळीच्या सुमारास पाहुणे पक्षी सुंगेई बुलोत आलेले असतात. जायचं तर भरतीची वेळ बघून जा. तेव्हा ते तळ्यात अगदी जवळ दिसतात. आणि जाता जाता बांधातल्या त्या दारांकडेही जरूर बघा.